चारशे पावलं

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो आवडला नाही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, फिजिक्सची एम.एस्सी. नुकतीच पदरात पडली होती. नोकरीच्या मुलाखतीसाठी उस्मानाबादहून एस.टी. बदलत बदलत मी किनाऱ्यावर पोचले होते. एवढं अफाट पाणी आणि त्यातलं तांब्याभरही पिता येत नाही, याचा मला सरळ सरळ रागच आला. मुलाखतीत एकानं हसून विचारलं, "तुम्ही मराठवाड्यातल्या. समुद्राचं काय आकर्षण?" मी म्हटलं, "काहीच नाही. नोकरीचं आहे." माझा स्वभाव हा असा. का कोण जाणे, पण त्यांनी मला घेतलं.

पुढं समुद्र आवडला नाही असं म्हणता येणार नाही. माणसाला कामाची सवय लागते आणि मग तीच आवड होऊन बसते. आमचं काम होतं उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून समुद्र वाचायचा. गढूळ पाणी कुठवर पसरलंय, बारीक शेवाळ कुठं दाटलंय, म्हणजे मासळी कुठं मिळेल. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर फिल्म, डोळ्याला भिंग आणि हातात मेणाची पेन्सिल. फोटोतले रंग खोटे असतात. त्यात झाडोरा लाल दिसतो, गढूळ पाणी निळसर आणि स्वच्छ पाणी काळं. वर्षानुवर्षं मी तेच पाहत होते. काळं म्हणजे पाणी हे माझ्या डोळ्यांत इतकं भिनलं होतं, की काळी साडी पाहिली तरी खोली विचारावीशी वाटायची.

आमच्या साहेबांचा एक दंडक होता. उपग्रह डोक्यावरून जायचा त्या वेळी आमच्यापैकी कुणीतरी खाली होडीत असलंच पाहिजे. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, बाटलीत पाणी भरून घ्यायचं. हे केलं तरच फोटो खरा. एकदा होडी दुसऱ्या दिवशी गेली म्हणून साहेबांनी माझं तीन महिन्यांचं काम परत केलं. "पाण्यात हात बुडवला नाही तोवर फोटोवर विश्वास नाही," एवढंच म्हणाले. मी चिडले, भांडले आणि मग मुकाट्यानं पुन्हा केलं. पुढं नव्या पोरांना मी हेच तोऱ्यात सांगायची. हे सगळं आधी सांगून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणायला नको.

आमची वस्ती माकणीच्या बाजूला, लोहाऱ्याकडं. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी गावची कामं सोडली, बुद्धाचा फोटो भिंतीवर आला, पोरं शाळेत जायला लागली. पाण्याचं मात्र तसंच राहिलं. वस्तीला स्वतःची विहीर नव्हती. गावच्या विहिरीवर आता कुणी तोंडानं हाकलत नसे, पण सगळ्यांचं भरून झाल्याशिवाय आमच्या बायांना पुढं होता येत नसे. उन्हाळ्यात सगळ्यांचं भरून होईपर्यंत तळाला चिखल उरायचा. मग नदीच्या पात्रात झिरे उकरायचे. माझी आई मी अगदी लहान असतानाच गेली. मला वाढवलं मोठ्या काकूनं, आबांच्या थोरल्या भावाच्या विधवा बायकोनं. घागरी वाहून वाहून तिच्या डोक्यावर मधोमध केस उरले नव्हते. लहानपणी मला वाटायचं की काकू लोकांना तिथं केस नसतातच.

आबा म्हणजे माझे वडील. चार इयत्ता शिकलेले, पण मोजमापात पक्के. खडीचा ढीग नुसता बघून किती ब्रास ते सांगायचे आणि इंजिनिअरची टेप लावली की तेवढाच भरायचा. ह्याच गुणावर त्यांनी वस्तीतल्या लोकांची मजूर सोसायटी उभी केली. मुकादमाच्या हाताखाली राबण्यापेक्षा आपणच काम घ्यायचं, सगळ्यांनी मिळून करायचं. रस्ते, नालाबंडिंग, नंतर धरणाच्या बाजूची कामं. ते चेअरमन होते. लोक 'चेअरमन' म्हणाले की मान खाली घालून हसायचे. आयुष्यात त्यांनी हौसेनं मिरवलेली ही एकच गोष्ट. दुसरी मी.

ऐंशीनंतरच्या कोरड्या वर्षांतली गोष्ट आहे. आबांनी पंचायत समितीचे उंबरे झिजवून वस्तीसाठी एक विहीर मंजूर करून आणली. विहीर एकच मिळणार होती. खोदायची सोसायटीनं, जागा दाखवायची वस्तीनं. पाणी लागलं तर बायांचं उभ्या जन्माचं थांबणं संपणार होतं, आणि नाही लागलं तर पुन्हा कोण विचारतंय. जागा तशी सगळ्यांच्या मनात ठरलेली होती. ओढ्याकाठी शिंदीची चार झाडं होती, तिथं चैत्रातही हिरवं गवत असायचं. काकू म्हणायची, तिथं अनवाणी उभं राहिलं की पायाला गार लागतं.

मी त्याच सुमारास रजेवर घरी आले आणि येताना शहाणपण घेऊन आले. आमच्या जिल्ह्याचा एक फोटो जमिनीचे फोटो वाचणाऱ्या विभागाकडून मागून घेतला होता, सहज कौतुकानं. त्यावर भिंग फिरवताना मला माळावरून नदीकडं जाणारी एक बारीक सरळ काळी रेघ दिसली. आजूबाजूचा मुरमाड माळ उजळ होता आणि त्यातून ती रेघ निघाली होती. माझ्या डोळ्यांनी लगेच सांगितलं की ही ओल आहे. खडकातली भेग असणार, आतून पाणी वाहत असणार. वस्तीपाशी ती पुसट होत होती. मी मेणाच्या पेन्सिलीनं ती पुढं ओढली.

आबांनी समाजमंदिरासमोर सगळ्यांना बोलावलं. सतरंजीवर तो फोटो पसरला आणि मी गुडघ्यावर बसून सांगायला लागले. आभाळातून डोळा कसा फिरतो, माणसाला दिसत नाही ते त्याला कसं दिसतं. म्हातारी माणसं वाकून वाकून बघत होती. बाया पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आमच्याच वस्तीतली पोरगी आभाळातून बघते म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे कसे उजळले होते, ते मला अजून दिसतं. मी पट्टीनं मोजलं, गुणाकार केला आणि जागा सांगितली. समाजमंदिराच्या कोपऱ्यापासून उत्तरेला चारशे पावलं.

आता हसू येतं आणि लाजही वाटते. त्या फोटोतला एक ठिपका आमच्या अख्ख्या वस्तीएवढा होता, आणि मी पावलं सांगत होते.

काकू म्हणाली, "शिंदीपाशी का न्हाय गं?"

"काकू, तिथं वरवरची ओल आहे. उन्हाळ्यात आटंल," मी म्हटलं. ज्या सुरात म्हटलं तो सूर आठवला की आजही कानशिलं गरम होतात. त्या बाईनं तीस उन्हाळे त्या गवतावर पाय ठेवला होता.

फोटोवर वाकून आबांनी विचारलं, "बाई, ही रेघ कुठनं कुठं जाती म्हनलीस?"

"टेकडीच्या पायथ्यापासनं माळावरनं, वस्तीच्या मागनं, सरळ नदीला."

"सरळ?"

"एकदम सरळ."

त्यांनी रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "नक्की का?"

मी वैतागले. चारचौघांत बापानं नक्की का म्हणून विचारावं. "आबा, मी हेच काम करते," मी म्हटलं. आबा उठले, धोतर झटकलं आणि लोकांकडं बघून म्हणाले, "ठरलं. लेक म्हणती तिथंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पावलं टाकली आणि खुंटी मारली. मी तेव्हा बॅग भरत होते. समाजमंदिरापासून तिथं जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. मी गेले नाही. माझी गाडी होती.

पुढं आबांची कार्डं यायची. मुरूम लागला. मांजऱ्या खडक लागला. मग, पाषाण लागला आहे, सुरुंगाला मंजुरी आली आहे. एका कार्डात, पाणी अजून नाही, काळजी करू नये. मग कार्डांत विहिरीचं नावच येईना. काकूची तब्येत बरी आहे, शेळी व्याली, तू वेळेवर जेवत जा. मी त्या वर्षी जहाजावर लांबची सफर केली. बाईला जहाजावर घ्यायचं की नाही यावर आमच्या संस्थेत बरीच खलबतं झाली होती, त्यामुळे मी हट्टानं गेले आणि त्याच गुर्मीत राहिले. विहिरीबद्दल मी विचारलं नाही, हे खरं आहे. पाणी लागलं असतं तर त्यांनी कळवलंच असतं, हे समजायला एम.एस्सी. लागत नाही. मला विचारायचंच नव्हतं.

गेले ती पुढच्या वर्षी मे महिन्यात. वस्तीच्या वाटेवरच काकू भेटली. डोक्यावर दोन घागरी, एक कडेवर. नदीच्या झिऱ्यावरून येत होती. मी कडेवरची घागर घ्यायला गेले तर तिनं दिली नाही. घरी जाऊन घागरी उतरवल्या, पदरानं मान पुसली आणि मग म्हणाली, "तुझ्या आबानं घात केला बघ."

"काय झालं?"

"तू बरोबर जागा सांगितली व्हतीस. ह्यानं पावलं चुकवली. आठ परस खाली गेले, पाषाण फोडला, ठिपूस न्हाय. मग सोसायटीत सगळ्यांम्होरं कबूल केलं त्यानं. म्हणला, लेकीनं चारशे सांगितली, म्या मोजताना चुकलो, दुसरीकडंच खुंटी मारली." काकूनं माझ्याकडं पाहिलं नाही. "लोकांनी काढला त्याला चेअरमनकीवरनं. काढणारच की. एवढी एक विहीर आली व्हती वस्तीला."

खडीचा ढीग डोळ्यांनी मोजणारा माणूस चारशे पावलं चुकतो, हे वस्तीनं मान्य केलं होतं, कारण दुसरं मानायचं तर आभाळातला डोळा चुकला असं मानावं लागलं असतं.

आबा विहिरीवर होते. मंजूर खोली कधीच संपली होती, काम बंद झालं होतं, तरी हा माणूस रोज सकाळी पहार घेऊन उतरायचा. मी काठावर उभी राहिले. खाली कोरडा काळा चौकोन होता. त्यात माझा बाप खोकत होता. मी हाक मारली. ते वर आले, हात झटकले आणि म्हणाले, "कधी आलीस? जेवलीस का?"

मी समाजमंदिरापर्यंत गेले आणि तिथून पावलं मोजत आले. विहिरीच्या काठाशी मारलेली खुंटी अजून जाग्यावर होती. चारशे दोन पावलं भरली. माझी पावलं त्यांच्याहून जरा आखूड पडतात.

मग मी पिशवीतून फोटो काढला आणि माळाकडं चालायला लागले, ज्या बाजूनं रेघ येत होती त्या बाजूला. आबा मागून येत होते. वस्तीमागं नुसती बाभळीची झुडपं होती. जरा पुढं गेल्यावर पायाला दगड लागायला लागले. मग ढीग दिसले, काळ्या फोडीव खडीचे, एकापुढं एक. दोन्ही बाजूंना चर खणलेले, मधे उंच केलेली पट्टी. डोळा पोचेल तिथपर्यंत सरळ. माळ पांढुरका आणि त्यावर ही काळी रेघ. मी तिच्यावरच उभी होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बाहत्तरचा रस्ता," आबा म्हणाले. "दुष्काळी काम. पुढं पाऊस पडला अन् ऱ्हायला तसाच. वस्तीजवळची खडी लोकांनी घरांच्या भिंतीला नेली, म्हणून तिकडं दिसत न्हाय."

बाहत्तर साली मी औरंगाबादच्या वसतिगृहात होते. दोन वेळची भाकरी मिळत होती, मी परीक्षेचा अभ्यास करत होते. हा रस्ता मी पाहिलाच नव्हता. तो आबांनी आणि काकूनं फोडला होता, सगळ्या वस्तीनं फोडला होता. दोरी लावून सरळ रेघ आखली होती ती आबांनीच. मी वरून पाहिलं होतं ते त्यांच्या हातचं काम होतं, आणि मी त्याला पाणी म्हटलं होतं.

"आबा, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं."

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. खरं तर मला ओरडायचं होतं स्वतःवर, पण समोर ते होते. "सगळ्या वस्तीचं पाणी होतं ते. एका शब्दानं सांगायचं होतं, बाई, हा आपला रस्ता हाय."

ते एका ढिगावर बसले. खोकला येऊन गेल्यावर म्हणाले, "म्हणणार व्हतो. मग वाटलं, ही आभाळातनं बघती. आपल्याला वरचे दगड दिसतेत, हिला खालचं दिसत आसंल. म्या चार बुकं शिकलेला माणूस, तुज्या इद्येला कुठं खोटं पाडू."

मी तिथं खडीत बसून रडले. लाजबीज काही ठेवली नाही. माझ्या बापाचा स्वतःच्या पायांपेक्षा, स्वतःच्या हातांपेक्षा माझ्या फोटोवर जास्त विश्वास होता. आणि मी त्या फोटोसाठी दहा मिनिटं चालत आले नव्हते.

डोळे पुसून मी म्हटलं, आजच सगळ्यांना बोलवा, मी सांगते चूक माझी होती म्हणून. तेव्हा मात्र आबा घाबरले. असं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझा हात धरून म्हणाले, "न्हाय बाई. ह्या साली वस्तीतल्या तीन पोरी तुळजापूरच्या वसतिगृहाला गेल्यात. तुझ्याकडं बघून धाडल्यात त्यांच्या बापांनी. तुझी इद्या खोटी निघाली म्हनल्यावर उद्या माघारी आणतील. माझं काय, माझं वय झालं. माझ्या नावावर असू दे."

मी ऐकलं. वडिलांचं ऐकलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पोरींसाठी गप्प राहिले, हेही सांगत आले. तीन पोरी पुढं शिकल्या, एक नर्स झाली, हे सगळं खरं. पण त्या माळावर आबा तसं म्हणाले तेव्हा माझ्या मनाला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर ते हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं आणि त्या पोरींचा विचार नंतर आला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

किनाऱ्यावर परतल्यावर मी पूर्वीपेक्षा कडक झाले. होडीत गेल्याशिवाय एक आकडा मांडू देत नसे. लोक माझ्या काटेकोरपणाचं कौतुक करायचे, एकदोघं तोंडावर खवीस म्हणायचे. मी दोन्ही ऐकून घेत असे. दरवर्षी मेमध्ये गावी जात असे आणि काकूबरोबर झिऱ्यावर जाऊन घागरी आणत असे. त्यानं काही भरून येत नव्हतं. ती म्हणायची, "तू कशाला, तुझे हात पुस्तकाचे हायेत." मला ते शिवीसारखं लागायचं.

तीनेक वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा बोअरची गाडी आली. ड्रायव्हरनं कुणाला न विचारता सोयीची जागा म्हणून शिंदीच्या झाडांपाशी गाडी लावली. पाणी लागलं. हातपंप बसला. काकू तेव्हा अंथरुणाला खिळली होती. त्या पंपाचं पहिलं पाणी कुणीतरी तिला तांब्यातून आणून पाजलं, असं आबांनी कार्डात लिहिलं. बाकी काही लिहिलं नव्हतं. काकू त्याच महिन्यात गेली.

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. छाती खडीच्या धुळीनं भरलेली, डॉक्टरनंही तसंच सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगला ते कधी गेले नाहीत आणि कुणी बोलावलंही नाही. शेवटी मी जवळ होते. त्यांनी विहिरीचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. मी एकदा तोंड उघडलं होतं, तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती समाजमंदिरात जमली होती. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग सोसायटीचे नवे चेअरमन बोलायला उभे राहिले. आबांच्याच हाताखाली तयार झालेले, भला माणूस. म्हणाले, "माणूस लाखाचा व्हता. आमाला मुकादमाच्या तावडीतनं त्यानं सोडवलं. एकच चूक झाली आयुष्यात, लेकीनं सांगितलेली जागा नीट मोजली न्हाय. पण चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाय?"

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं, मायेनं, आणि मी मान डोलावली.